जमावाचा गुन्हा आणि एकेका माणसाचा पुरावा



फौजदारी कायदा सामान्यतः एका माणसाने दुसऱ्याचे केलेले नुकसान पाहतो. कोणी कोणाला मारले, कशाने मारले, किती लागले आणि मारणाऱ्याच्या मनात काय होते, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की न्यायालयाचे बरेचसे काम होते. पण पन्नास माणसे काठ्या घेऊन एखाद्या वस्तीच्या तोंडाशी येऊन उभी राहतात, त्यांतला कोणी आरोळ्या देतो, कोणी दगड भिरकावतो, कोणी नुसताच उभा असतो आणि वस्तीतली माणसे मुलांना आत ओढून दारे लावून घेतात, तेव्हा कोणी कोणाला मारले हे विचारण्यापूर्वीच काहीतरी घडून गेलेले असते. ते नेमके काय असते? ज्या घराला एकही दगड लागला नाही, त्या घराचेही काही हिरावले गेले आहे काय? आणि हिरावले गेले असेल, तर त्याचा जाब कोणाला विचारायचा? दगड मारणाऱ्याला, आरोळी देणाऱ्याला, की नुसत्या उभ्या असलेल्यालाही?

भारतातील कायद्याने या प्रश्नाला फार पूर्वी हात घातला. थॉमस मेकॉले यांच्या नेतृत्वाखालील पहिल्या विधी आयोगाने १८३७ मध्ये जिचा मसुदा सादर केला, जी १८६० मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली, त्या भारतीय दंड संहितेचे आठवे प्रकरण सार्वजनिक शांततेविरुद्धच्या अपराधांना वाहिलेले होते. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, ५११ कलमांची ३५८ झाली, क्रमांक बदलले; परंतु हे प्रकरण अकराव्या स्थानी, कलम १८९ ते १९७ मध्ये, गाभ्याला धक्का न लागता उतरले आहे. शांततेने रस्त्यावरून जाण्याचा, पाणी भरण्याचा, आपल्या घरात निर्धास्त राहण्याचा हक्क सर्वांचा सामाईक आहे आणि जमाव करून त्याला धाक घालणे हा प्रत्यक्ष मारहाणीहून वेगळा, स्वतंत्र अपराध आहे, हा या प्रकरणाचा पाया होय. या पायाबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्यावर उभ्या राहिलेल्या जबाबदारीच्या तत्त्वाबद्दल. कायदा शिक्षेसाठी माणसांना एकत्र बांधतो. परंतु पुराव्यासाठी त्याने त्यांना एकेकटे वेगळे काढलेच पाहिजे. हे दुसरे काम जिथे नीट होत नाही, तिथे निरपराध माणूस तुरुंगात जातो किंवा अपराध्यांचा अख्खा जमाव निर्दोष सुटतो, आणि दोन्ही वेळा हरते ती ज्यांच्यावर हल्ला झाला ती वस्ती.

या प्रकरणातील सर्वांत धाकटा अपराध प्रथम पाहावा. दोन किंवा अधिक माणसांनी सार्वजनिक जागी मारामारी करून शांतताभंग केला, तर तो न्याय संहितेच्या कलम १९४ खाली अपराध ठरतो. जुन्या संहितेत तो कलम १५९ आणि १६० मध्ये होता. शिक्षा तेव्हा एक महिन्यापर्यंत कैद किंवा शंभर रुपयांपर्यंत दंड अशी होती. आता कैद तितकीच आहे आणि दंडाची मर्यादा एक हजार रुपये झाली आहे. शिक्षा हलकी असली तरी पोलिसांना वॉरंटाशिवाय अटक करता येते आणि अपराध जामीनपात्र आहे. येथे तीन गोष्टी लागतात. मारामारी दोन्ही बाजूंनी झालेली असावी लागते, कारण जो नुसता मार खातो तो मारामारी करत नसतो. जागा सार्वजनिक असावी लागते, म्हणजे बाजारपेठ, एसटी स्थानक, चौक, जत्रेचे मैदान अशी, जिथे लोकांची मुक्त ये-जा असते. आणि लोकांच्या शांततेचा खरोखर भंग व्हावा लागतो. रस्त्यात उभे राहून केलेली शिवीगाळ दुसऱ्या एखाद्या कलमात बसेल, या कलमात बसत नाही.

या अपराधाच्या बाबतीत इंग्लंडचा कायदा आता फार निराळ्या वाटेने गेला आहे, आणि ज्या देशाकडून भारताने ही कल्पना घेतली त्यानेच ती कशी बदलली हे पाहण्याजोगे आहे. तिथे १७१५ साली लागू झालेल्या दंगा अधिनियमाने बारा किंवा अधिक माणसांच्या जमावापुढे जाहीरनामा वाचला जाई आणि त्यानंतर तासाभरात जो पांगला नाही त्याला देहान्ताची शिक्षा होऊ शके. १९८१ मध्ये ब्रिक्स्टन आणि इतर शहरी भागांत मोठे दंगे झाले, सार्वजनिक शांततेच्या कायद्याची फेरतपासणी झाली आणि १९८६ च्या सार्वजनिक सुव्यवस्था अधिनियमाने जुने, रूढीतून आलेले अपराध रद्द करून नवी चढती रचना केली. बारा माणसांनी समान हेतूने हिंसा वापरली किंवा तिची धमकी दिली तर हिंसा वापरणाऱ्यांना दंग्याबद्दल दहा वर्षांपर्यंत. तीन माणसांनी मिळून हिंसा केली किंवा धमकी दिली तर पाच वर्षांपर्यंत. आणि एकट्याच माणसाने दुसऱ्यावर बेकायदा हिंसा केली किंवा तशी धमकी दिली तरी तीन वर्षांपर्यंत कैद. या तिन्ही ठिकाणी कसोटी एकच आहे : सर्वसाधारण धीराचा माणूस तिथे असता तर त्याला आपल्या सुरक्षिततेविषयी भीती वाटली असती काय? असा माणूस प्रत्यक्ष तिथे हजर असण्याची गरज नाही आणि घटना खासगी जागेत घडली तरी चालते. मात्र एकट्या माणसाच्या अपराधात केवळ शब्दांनी दिलेली धमकी पुरत नाही. साउथपोर्टमधील हत्यांनंतर जुलै-ऑगस्ट २०२४ मध्ये इंग्लंडमध्ये जी दंगल उसळली, तिच्यातील असंख्य आरोपींवर खटले चालले ते मुख्यतः यातल्या मधल्या, तीन माणसांच्या अपराधाखाली. इंग्लंडने भीतीला केंद्रस्थानी आणले. भारताने उद्दिष्टाला केंद्रस्थानी ठेवले. भारतीय रचना या बाबतीत अधिक विचारपूर्वक केलेली आहे असे म्हणावे लागते, कारण ती 'किती भय वाटले' याआधी 'कशासाठी जमले' हे विचारते.

आता मुख्य विषय. पाच किंवा अधिक माणसांचा जमाव, ज्याला कायद्याच्या पुस्तकात बेकायदेशीर जमाव आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोलीस ठाण्याच्या कागदांत 'गैरकायद्याची मंडळी' म्हणतात, तो कधी बेकायदेशीर होतो? संख्या पाच झाली म्हणून नव्हे. लग्नाच्या वरातीत पाचशे माणसे असतात. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने शांततेने आणि शस्त्रांविना एकत्र जमण्याचा हक्क दिलेला आहे, आणि कलम १८९ त्या हक्काच्या सीमेवर उभे आहे. त्यात सांगितलेल्या पाच उद्दिष्टांपैकी एखादे त्या माणसांचे समान उद्दिष्ट असेल तरच जमाव बेकायदेशीर ठरतो. सरकारला, विधिमंडळाला किंवा कर्तव्य बजावणाऱ्या लोकसेवकाला बळाने अथवा बळाच्या प्रदर्शनाने दबवणे. कायद्याच्या किंवा न्यायालयाच्या हुकमाच्या अंमलबजावणीला विरोध करणे. नासधूस, अतिक्रमण किंवा दुसरा एखादा अपराध करणे. बळाने कोणाची मालमत्ता ताब्यात घेणे, कोणाचा रस्ता किंवा पाण्याचा वापर बंद पाडणे अथवा आपला खरा वा मानलेला हक्क बजावणे. आणि कोणाला बळाने त्याच्यावर बंधनकारक नसलेले काही करायला लावणे अथवा जे करण्याचा त्याला हक्क आहे त्यापासून रोखणे. जमताना जमाव निर्दोष असला तरी पुढे तो बेकायदेशीर होऊ शकतो, असे स्पष्टीकरणही कायद्याने जोडले आहे. नुसते अशा जमावात असण्याची शिक्षा सहा महिन्यांपर्यंत, जीवघेणे हत्यार घेऊन असण्याची दोन वर्षांपर्यंत. या जमावाने किंवा त्यातल्या एकानेही समान उद्दिष्टासाठी बळ किंवा हिंसा वापरली की सर्वांकडून दंगा घडतो आणि शिक्षा दोन वर्षांवर जाते. दंगा करताना हातात जीवघेणे हत्यार असेल तर जुन्या संहितेत तीन वर्षांपर्यंत असलेली कैद आता पाच वर्षांपर्यंत झाली आहे.

चौथ्या उद्दिष्टातील 'पाण्याचा वापर' हे दोन शब्द महाराष्ट्रातल्या श्रोत्यांनी थांबून ऐकावेत असे आहेत. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मोठ्या संख्येने माणसे गेली आणि पाणी प्याली. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केलेला बोले ठराव आणि त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये केलेला ठराव त्यांच्या बाजूला होता. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात प्रवेश होणार अशी अफवा गावात पसरली, लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव महाडला भरलेल्या परिषदेच्या मंडपाकडे गेला आणि परतीच्या वाटेवरच्या, जेवत बसलेल्या, घरोघरी विखुरलेल्या माणसांना मारहाण झाली. त्या दिवशी महाडमध्ये दोन समुदाय जमले होते. पहिला समुदाय हल्लेखोरांच्या कितीतरी पट मोठा होता. मग बेकायदेशीर कोणता? संख्येचे उत्तर चुकीच्या दिशेला नेते. उद्दिष्टाचे उत्तर क्षणात सापडते. एक समुदाय पाण्याचा हक्क शांततेने बजावत होता, दुसरा तोच हक्क बळाने बंद पाडत होता. दंड संहितेतील शब्द त्या दुसऱ्या समुदायालाच लागू होतात, आणि हल्लेखोरांपैकी काहींना पुढे सक्तमजुरीची शिक्षा झालीही. मार खाल्लेल्या आपल्या अनुयायांना बाबासाहेबांनी प्रतिहल्ल्यापासून रोखले, ही गोष्ट नैतिक दृष्टीने मोठी आहेच. कायद्याच्या दृष्टीनेही ती निर्णायक होती, कारण त्या संयमामुळे हल्ला करणारे कोण आणि हल्ला सोसणारे कोण यात कसलाही संदेह उरला नाही.

समान उद्दिष्टाला मर्यादाही असते, आणि ती मर्यादा कळण्यासाठी महाडच्या सुमारे अर्धशतक आधीची एक घटना उपयोगी पडते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली, आणि तो उठाव बघता बघता पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदलेल्या या उठावाची चौकशी आयोगाने केली, आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा त्यातून आला. लोकांना हवे होते ते कर्जरोखे, हिशेबाच्या वह्या आणि न्यायालयांचे हुकूमनामे. ते हाती पडून जाळले गेले की बहुतेक ठिकाणी जमाव पांगत होता. माणसांवर हात टाकण्याचे प्रकार त्या मानाने फार थोडे होते. असा जमाव बेकायदेशीर होता यात शंका नाही. पण त्यातल्या एखाद्याने अचानक सावकाराचा खून केला असता, तर त्या खुनाबद्दल वह्या जाळायला आलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला फाशी देता आली असती काय? हा प्रश्न काल्पनिक आहे, पण देशातल्या सत्र न्यायालयांसमोर त्याचीच रूपे रोज उभी राहतात, आणि त्याच्या उत्तरावर माणसांची आयुष्ये अवलंबून असतात.

हे उत्तर ज्या कलमात आहे ते जुन्या संहितेचे १४९ आणि नव्या संहितेचे १९०. बेकायदेशीर जमावाच्या एका सदस्याने समान उद्दिष्ट साधण्यासाठी एखादा अपराध केला, किंवा त्या उद्दिष्टापायी असा अपराध घडण्याचा संभव आहे हे सदस्यांना माहीत होते, तर त्या वेळी जमावात असलेला प्रत्येक जण त्या अपराधाबद्दल दोषी ठरतो. वार एकाने केला तरी खुनाची शिक्षा दहा जणांना होऊ शकते. फौजदारी कायद्यात इतके दूरवर पोचणारे कलम क्वचितच असेल. त्याची गरज मात्र खरी आहे. वीस जण घर घेरून उभे असतात म्हणूनच आतल्या माणसाला पळता येत नाही. दार अडवणाऱ्याने वार केला नसेल, पण त्याच्या उभे राहण्यानेच वार शक्य झालेला असतो. अशा माणसाला, त्याच्या हातात शस्त्र नव्हते म्हणून, केवळ गर्दीतला एक म्हणून सोडून देणे हा मृतावर दुसऱ्यांदा झालेला अन्याय होईल.

पण उभे राहणारे सगळे दार अडवायला उभे असतात काय? गावात आरडाओरडा झाला की अख्खी आळी बाहेर येते. कोणी भांडण सोडवायला धावतो, कोणी आपला मुलगा शोधत असतो, कोणी नुसता बघत असतो. पन्नासच्या दशकात बलदीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जमावात केवळ हजर असणे पुरेसे नाही. समान उद्दिष्टात सहभागी असल्याचे दाखवणारे काही कृत्य किंवा काही वर्तन सिद्ध झाले पाहिजे. त्यानंतर १९६४ मध्ये मसलती खटला आला. उत्तर प्रदेशातील झाशी जिल्ह्यातल्या एका गावात दोन गटांच्या वैरातून पाच माणसे मारली गेली होती, आणि खंडपीठाचा निकाल सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी दिला. साताऱ्यात जन्मलेल्या या न्यायाधीशांनी या कलमाचे जे विवेचन केले ते आजही प्रमाण मानले जाते. प्रत्येक आरोपीचे स्वतंत्र हिंसक कृत्य दाखवलेच पाहिजे असा नियम नाही. बलदीन खटल्यातील विधाने त्या खटल्याच्या वस्तुस्थितीत, जिथे काही जण निव्वळ बघे असण्याचा संभव होता, तिथे वाचायची. आणि शंभर माणसे चालून आली असता कोणी कोणता वार केला हे साक्षीदाराला नेमके सांगता येणार नाही, हेही न्यायालयाने ध्यानात घ्यायचे. मात्र त्याच निकालात सावधगिरीची एक कसोटीही मान्य झाली. आरोपी पुष्कळ आणि साक्षीदारही पुष्कळ असतील, तर दोन, तीन किंवा अधिक साक्षीदारांनी सुसंगतपणे ज्याचे नाव घेतले त्यालाच दोषी धरावे, एकट्याच्या शब्दावर विसंबू नये. कसोटी यांत्रिक आहे हे न्यायालयाने स्वतःच मान्य केले, आणि तरीही ती उपयुक्त मानली. १९७६ मध्ये मुसा खान विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात हाच धागा पुढे नेताना न्यायालय म्हणाले की दंगेखोर जमावाजवळ कधीतरी दिसलेला, मध्येच आलेला किंवा मध्येच निघून गेलेला प्रत्येक माणूस जमावाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलेल्या सगळ्या कृत्यांबद्दल दोषी आहे असे गृहीत धरता येत नाही.

या तीन निकालांत विरोध आहे असे वकिलांच्या युक्तिवादांतून वारंवार भासवले जाते. वस्तुतः त्यांत विरोध नाही. वार कोणी केला याचा हिशेब प्रत्येकामागे मागू नका, पण हा माणूस या जमावाचा होता काय याचा पुरावा मात्र प्रत्येकामागे मागा, असे हे निकाल एकत्र वाचल्यावर दिसते. सदस्यत्व सिद्ध करायचे ते एकेकाचे. जबाबदारी येते ती सर्वांवर. गणितही या बाबतीत काटेकोर आहे. नाव घेऊन पाचच जणांवर आरोप ठेवला आणि दोघे निर्दोष सुटले, तर उरलेल्या तिघांवर हे कलम चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये मोहन सिंग खटल्यात स्पष्ट केले. ओळख न पटलेले आणखी काही जण सामील होते असे आरोपपत्रात म्हटलेले आणि सिद्ध झालेले असेल तर गोष्ट निराळी.

येथेच महाराष्ट्रातल्या तपासाच्या एका सवयीविषयी बोलणे भाग आहे. बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून किंवा निवडणुकीवरून दोन भावकींत हाणामारी होते आणि दोन फिर्यादी दाखल होतात. पहिल्या फिर्यादीत समोरच्या घरातले सगळे पुरुष, कधी कधी स्त्रियाही, कधी पुण्या-मुंबईला नोकरीला असलेला मुलगासुद्धा. दुसऱ्या फिर्यादीत या घरातले सगळे. दोन्हींच्या शेवटी 'व इतर दहा ते पंधरा अनोळखी इसम' हे शब्द, आणि मजकूर जवळजवळ ठरलेला : गैरकायद्याची मंडळी जमवून लाथाबुक्क्यांनी मारहाण, शिवीगाळ आणि जिवे मारण्याची धमकी. हे जाळे मुद्दाम मोठे टाकलेले असते, कारण पाच नावे भरली की कलम लागते आणि कलम लागले की जामीन अवघड होतो. पण दोन विरोधी गटांची मिळून एक मंडळी होत नाही; समान उद्दिष्ट एका बाजूचे असावे लागते, आणि चार विरुद्ध तीन अशा झटापटीत बेकायदेशीर जमाव संभवतच नाही. दोन्ही बाजू ठरवून, तयारीनिशी लढायलाच उतरल्या असतील तर तिथे आक्रमक कोण आणि स्वसंरक्षण कोणाचे हा प्रश्न गौण ठरतो आणि प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या कृत्याचाच जाब द्यावा लागतो, असे न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. एकाच घटनेच्या अशा परस्परविरोधी फिर्यादी एकाच न्यायाधीशासमोर, एकापाठोपाठ चालवून दोन्हींचे निकाल बरोबरच द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये नाथीलाल खटल्यात सांगितले. असे असूनही जाळे टाकले जाते, आणि निरपराधांची नावे भरली की साक्षीदाराचा सगळाच शब्द संशयास्पद होतो. मग उलटतपासणीत एक नाव खोटे ठरते, त्याच्याबरोबर खरी नावेही सुटतात. खोट्या नावाने फक्त त्या एका माणसाचे नुकसान होत नाही. खऱ्या अपराध्याला त्याच्याइतकी मदत दुसरे कोणी करत नाही.

धाक घालणाऱ्या जमावाला हिंसेआधी रोखण्याचे उपायही कायद्यात आहेत आणि ते थोडक्यात सांगता येतील. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १४८ खाली कार्यकारी दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याचा प्रमुख अधिकारी जमावाला पांगण्याचा हुकूम देऊ शकतो, न पांगल्यास बळ वापरू शकतो, आणि कलम १६३ खाली जमावबंदी लावता येते; महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७ हे त्याच हेतूचे राज्यातले साधन आहे. यांचा वापर मतभेद दाबण्यासाठी करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात बजावले.

जमावाच्या हिंसेचे नवे रूप मात्र या जुन्या चौकटीची परीक्षा पाहणारे आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय, तेच अनोळखी म्हणून संशयित ठरले. महाडमध्येही अफवेनेच जमाव उठवला होता. फरक इतकाच की १९२७ ची अफवा एका गावात फिरली, २०१८ ची एकाच दिवशी अनेक जिल्ह्यांत. राईनपाड्याच्या घटनेच्याच महिन्यात, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात जमावाच्या हत्यांविषयी निर्देश दिले : प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी, पीडितांसाठी भरपाई योजना, शक्यतो सहा महिन्यांत खटल्याचा निकाल, आणि संसदेने या अपराधासाठी स्वतंत्र तरतूद करण्याची शिफारस. ती तरतूद न्याय संहितेच्या कलम १०३ च्या दुसऱ्या पोटकलमात आली. पाच किंवा अधिक जणांनी संगनमताने वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, व्यक्तिगत श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून खून केला, तर प्रत्येकाला मृत्युदंड किंवा जन्मठेप.

ही तरतूद स्वागतार्ह आहे, पण राईनपाड्यासारखी घटना तिच्यात बसते काय? तिथे हत्येचे कारण जात नव्हते, भाषा नव्हती, श्रद्धा नव्हती. कारण होते संशय. अफवेवरचा संशय 'तत्सम कारणा'त येतो की नाही, यावर आरोपीचे वकील युक्तिवाद करणारच, आणि फौजदारी कायद्याचा अर्थ लावताना संदेहाचा फायदा आरोपीला मिळतो. त्यामुळे अशा घटनांत सरकारी पक्षाला अखेर साध्या खुनाचे पहिले पोटकलम आणि जमावाच्या जबाबदारीचे कलम १९० यांच्याकडेच परतावे लागेल. म्हणजे नवे कलम आले तरी जुनाच प्रश्न उरतो : या जमावात कोण होते, आणि ते तिथे कशासाठी होते?

त्या प्रश्नाचे उत्तर आता पूर्वीपेक्षा अधिक साधनांनी देता येते. घटनेनंतर लगेच कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर ओळख परेड घेणे, हे साधन जुनेच आहे आणि उशिरा घेतली तर तिचे मोल घटते. मोबाइलवरचे चित्रीकरण हे नवे साधन. राईनपाड्यासारख्या घटनांत हल्लेखोर स्वतःच चित्रीकरण करतात, ते पसरवतात, आणि तेच त्यांच्याविरुद्ध सर्वांत भक्कम पुरावा होऊ शकते. परंतु जालन्याच्या निवडणूक वादातून निघालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूळ उपकरण हजर केले नाही, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यकच आहे. एका प्रमाणपत्राअभावी चित्रीकरण पुराव्यातून बाद होणे आणि मग पाच मृत्यूंचा खटला तोंडी साक्षींवर लटकत राहणे, ही तपासातली चूक क्षम्य मानता येणार नाही.

याहून मोठी हानी खटला मागे घेण्याने होते. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतील खटले, जीवितहानी झाली नसेल आणि मालमत्तेचे नुकसान ठरावीक मर्यादेत असेल तर मागे घ्यावेत, असे निर्णय महाराष्ट्रातल्या सरकारांनी वेळोवेळी घेतले आहेत. शांततेने रस्ता अडवलेल्या शेतकऱ्यावरचा खटला मागे घेणे न्याय्य असू शकते. पण ज्या जमावाने एखाद्या दुकानदाराचे दुकान फोडले त्याच्यावरचा खटला त्या दुकानदाराला न विचारता मागे घेतला गेला, तर शांततेचा हक्क सरकारने परस्पर सोडून दिल्यासारखे होते. खटला मागे घेण्याचा अर्ज सरकारी वकिलाने स्वतंत्र बुद्धीने करायचा असतो आणि त्याला न्यायालयाची संमती लागते. ही संमती केवळ उपचार राहू नये. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० ने पीडिताला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय न्यायालयाने अशी परवानगी देऊ नये असे आता स्पष्ट म्हटले आहे, आणि पीडितांनी हा हक्क माहीत करून घेऊन तो बजावला पाहिजे.

आणि शेवटी साक्षीदार. जमावाविरुद्ध साक्ष देणारा माणूस त्याच गावात, त्याच आळीत राहतो; ज्यांची नावे तो सांगतो ते त्याला रोज पाणवठ्यावर आणि पारावर भेटतात. डिसेंबर २०१८ मध्ये महेंदर चावला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना मान्य करून ती देशभर लागू केली, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने प्रत्येक राज्यावर अशी योजना अधिसूचित करण्याचे बंधन घातले. योजनेखाली संरक्षणाचा अर्ज जिल्ह्यातील सक्षम प्राधिकरणाकडे करता येतो आणि धोका किती आहे याचा अहवाल पोलिसांकडून मागवला जातो. या सभागृहातील वकील, पोलीस अधिकारी आणि पत्रकार यांना विनंती इतकीच आहे की जमावाच्या हिंसेचा साक्षीदार त्यांच्याकडे आला, तर त्याला प्रथम या अर्जाची माहिती द्यावी आणि अर्ज लिहून देण्यासाठी त्याच्याजवळ बसावे; आणि जे श्रोते स्वतः असे काही पाहतील त्यांनी पाहिले तेवढेच आणि ज्यांना पाहिले त्यांचीच नावे सांगावीत, एकही कमी नाही आणि एकही जास्त नाही.